चार दिवस जगलेला मासा

एखादं रसायन पाण्यातल्या जीवांना किती घातक आहे, हे ठरवण्याची एक रीत जगभर रूढ आहे. काचेच्या टाक्यांमध्ये ते रसायन कमी-जास्त प्रमाणात मिसळतात, प्रत्येक टाकीत ठरावीक मासे सोडतात आणि ९६ तास लक्ष ठेवतात. ज्या प्रमाणाला निम्मे मासे मरतात तो आकडा नोंदला जातो. त्याला एलसी-५० म्हणतात. माशांच्या जोडीला आणखी दोन जीव असतात. एक हिरवं सूक्ष्म शेवाळ. ७२ तासांत त्याची वाढ किती खुंटते ते पाहायचं. दुसरा डॅफ्निया, गोड्या पाण्यातला पिसवेएवढा कवचधारी जीव. शेवाळ, शेवाळ खाणारा आणि त्याला खाणारा, असे अन्नसाखळीच्या तीन पायऱ्यांचे हे तीन प्रतिनिधी. माशाचा आकडा लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत आला, तर रसायन अतिविषारी गटात जातं आणि ड्रमवर मेलेला मासा नि वठलेलं झाड असं चिन्ह लावावं लागतं. तिन्ही जीवांचे आकडे १०० मिलिग्रॅमच्या वर गेले, तर तीव्र विषारीपणाच्या वर्गवारीतून ते सुटतं.

ही चाचणी किती बारकाईनं बांधलेली आहे ते डॅफ्नियाच्या भांड्यापाशी उभं राहिल्यावर कळतं. जन्माला येऊन २४ तासही न झालेली पिल्लं घ्यायची. प्रत्येक प्रमाणाला किमान २०, बहुधा पाच-पाचचे चार गट करून. २४ तासांनी आणि मग ४८ तासांनी भांडं अगदी हलक्या हातानं हलवायचं आणि १५ सेकंद थांबायचं. तेवढ्यात जे पिल्लू पोहायला लागलं नाही, ते हालचाल थांबलेलं म्हणून मोजायचं. नुसती मिशी हलत असली तरी ते जमेला धरत नाहीत. हे नियम ओईसीडी या संघटनेनं घालून दिलेले आहेत, आणि त्यामुळेच पुण्यातल्या प्रयोगशाळेचा आकडा बर्लिनमधल्या आकड्याशेजारी ठेवता येतो. या शिस्तीबद्दल मला आदर आहे. ती नसती तर कुठलं रसायन कशाहून वाईट, हेसुद्धा सांगता आलं नसतं.

माझा मुद्दा पुढचा आहे. पाळलेले, निरोगी, एकाच वयाचे मासे स्वच्छ पाण्यात एकाच शुद्ध रसायनाला चार दिवस तोंड देऊन जगतात का, एवढंच या चाचणीनं विचारलेलं असतं आणि तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर तिनं चोख दिलेलं असतं. आपण मात्र ते उत्तर हातात घेऊन नदीबद्दल बोलायला लागतो. नदीत ते रसायन कशात बदलेल, तिथे नेमके कोण राहतात, मेले नाहीत तरी त्यांना पिल्लं होतील का, यातलं काहीच चाचणीला विचारलेलं नसतं. म्हणून घातकतेचं मूल्यमापन रसायनाच्या बाटलीपाशी सुरू होऊन तिथेच संपता कामा नये. ते पाण्यापाशी जायला हवं, आणि रसायन बाजारात आल्यावरही चालू राहायला हवं.

हे पटायला अमेरिकेतल्या सिॲटल शहरातली एक हकीकत पुरेशी आहे. सिॲटल म्हणजे पॅसिफिकच्या काठचं पावसाळी शहर. तिथल्या ओढ्यांमध्ये कोहो सॅमन हा मासा अंडी घालायला येतो. सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि प्रजननासाठी जन्माच्या ओढ्याकडे परततो. शहर वाढलं तसे हे ओढे नाल्यासारखे झाले होते. १९९० च्या दशकात त्यातल्या काहींचं पुनरुज्जीवन झालं. पात्र सुधारलं, काठाला झाडं लावली, माशांच्या वाटेतले अडथळे काढले. मासे परत आले. आणि मरायला लागले.

मरण्याची तऱ्हाही विचित्र होती. अंगापिंडानं धडधाकट मासा पृष्ठभागावर येऊन दिशाहीन पोहायचा, तोंड वासायचा, कल्ल्यांजवळचे पर ताठ पसरायचा, मग तोल जाऊन कलंडायचा. काही तासांत खेळ संपायचा. माद्या चिरून पाहिल्या तर बहुतेकींच्या पोटात गाभोळी जशीच्या तशी. समुद्रातून इथवर येऊन एकही अंडं न घालता त्या मेल्या होत्या. लाँगफेलो नावाच्या ओढ्यावर २००२ ते २००९ या काळात हंगामभर रोजच्या रोज पाहणी झाली. अंडी घालण्याआधीच मरणाऱ्यांचं प्रमाण दरवर्षी ६० ते १०० टक्के निघालं. शहराबाहेरच्या एका ओढ्यावर तेच प्रमाण एक टक्क्याच्याही खाली होतं.

तपास रीतीप्रमाणे झाला. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन, तापमान, अमोनिया तपासले. माशांना रोग आहे का पाहिलं. जड धातू, कीटकनाशकं, इंधनाच्या ज्वलनातून येणारी संयुगं मोजली. कशावरच ठाम बोट ठेवता येईना. एक गोष्ट मात्र स्पष्ट होती: मासे पाऊस पडल्यावर मरत होते, आणि ओढ्याच्या परिसरात रस्ते जितके जास्त तितके जास्त मरत होते. पुढे संशोधकांनी धातू आणि ज्वलनाच्या संयुगांचं पाणी मुद्दाम तयार करून त्यात कोहो सोडले. ते जगले. मग वाहत्या रस्त्यावरून प्रत्यक्ष गोळा केलेलं पावसाचं पाणी घेतलं. त्यात कोहो मेले. माहितीतल्या विषांची सगळी यादी तपासून झाली होती आणि मारेकरी यादीबाहेर होता.

तो सापडायला २०२० साल उजाडलं. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या टॅकोमा केंद्रातले झेन्यू तियान आणि एडवर्ड कोलोजे, वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या जेनिफर मॅकिंटायर आणि त्यांचे सहकारी यांचा संशय टायरच्या झिजेवर होता. टायरचा कीस भिजवलेलं पाणी कोहोला मारत होतं, पण त्या पाण्यात दोन हजारांहून अधिक रसायनं होती. त्यांनी पाण्याचे घटक गुणधर्मांनुसार वेगळे केले आणि प्रत्येक वाट्यात मासे सोडले. ज्या वाट्यात मासे मेले तो पुन्हा विभागला, त्यातला मारक वाटा पुन्हा. असं करत करत जवळजवळ एकच पदार्थ उरला. कार्बनचे १८, हायड्रोजनचे २२, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे २ अणू असलेला. टायरमध्ये घालण्याच्या रसायनांच्या कुठल्याही यादीत तो नव्हता. उलगडा झाला तो ६पीपीडी या रसायनाशी त्याची सांगड घातल्यावर. ६पीपीडी टायरच्या रबरात वजनाच्या सुमारे ०.४ ते २ टक्के असतं. हवेतला ओझोन रबराला तडे पाडतो. ६पीपीडी त्या ओझोनशी स्वतः संयोग पावून रबर वाचवतं. म्हणजे ओझोनशी संयोग होणं हेच त्याचं काम. त्या संयोगातून जे निघतं ते ६पीपीडी-क्विनोन. हेच कोहोचं विष होतं.

सुरुवातीला त्याचा एलसी-५० लिटरला ०.८ मायक्रोग्रॅम असा निघाला. पुढे शुद्ध नमुना उपलब्ध झाल्यावर पुन्हा मोजणी झाली आणि २०२२ मध्ये तो ०.०९५ मायक्रोग्रॅमवर आला. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये एक मिलिग्रॅमसुद्धा नको, एवढ्यात निम्मे कोहो मरतात. पाण्यातल्या जीवांसाठी इतकी जहाल रसायनं फार थोडी माहीत आहेत.

आता हेच रसायन आपल्या रूढ चाचणीत घालून पाहू. तेही झालेलं आहे. २०२१ मध्ये जपानी संशोधकांनी झेब्राफिश, मेडाका, डॅफ्निया आणि हायलेला हा छोटा कवचधारी जीव, अशा चाचणीतल्या नेहमीच्या चौघांवर ६पीपीडी-क्विनोन तपासलं. ते पाण्यात जेमतेम विरघळेल त्या प्रमाणापर्यंत नेऊनही कुणी मेलं नाही. कोहोचा सख्खा भाऊबंद म्हणावा असा चम सॅमन, एकाच प्रजातिकुळातला, रस्त्याच्या त्याच पाण्यात मजेत राहतो. ब्रूक ट्राउट आणि रेनबो ट्राउट लिटरला एक मायक्रोग्रॅमच्या आसपास मरतात. आर्क्टिक चार आणि पांढरा स्टर्जन यांना काही होत नाही. समजा हे रसायन एखाद्या कारखान्यानं नव्यानं बनवून नोंदणीसाठी आणलं असतं, आणि झेब्राफिश व डॅफ्निया वापरून परीक्षा घेतली असती, तर तीव्र विषारीपणाच्या रकान्यात काळजीचं काही आढळलं नसतं. चाचणी नीट झाली असती, अहवाल खरा असता, आणि कोहो मेलेच असते.

यावर या क्षेत्रातला जाणकार म्हणेल की हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून तर आम्ही चाचणीचा आकडा जसाच्या तसा वापरत नाही. हे खरं आहे. फक्त अल्पकालीन चाचण्या हाताशी असतील तर सर्वांत कमी आकड्याला १००० नं भागून सुरक्षित मानायचं प्रमाण काढतात. दीर्घकालीन चाचण्या जसजशा वाढतात तसा भाजक १००, ५०, १० असा खाली येतो. न तपासलेल्या जीवांसाठी ठेवलेली ही मोकळीक आहे आणि बहुतेक रसायनांना ती पुरतेही. पण कोहोच्या बाबतीत हिशेब मांडून पाहावा. २०२३ मध्ये एकाच अभ्यासात कोहो आणि चिनूक या दोन सॅमनची पिल्लं तपासली गेली. चिनूकचा एलसी-५० लिटरला ६७ मायक्रोग्रॅमच्या आसपास आला, कोहोचा ०.०४१. दोन भाऊबंदांमधला फरक दीड हजार पटींहून मोठा. चिनूकच्या आकड्याला १००० नं भागलं तर ०.०६७ मायक्रोग्रॅम मिळतं, आणि ते सुरक्षित समजून ओढ्यात राहू दिलं तर निम्म्याहून जास्त कोहो पिल्लं मरतील. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २०२४ मध्ये गोड्या पाण्यासाठी तपासणीचा जो उंबरठा सुचवला तो ०.०११ मायक्रोग्रॅम आहे. हजाराच्या भागाकारानं आपण अज्ञानाची भरपाई करतो, पण ते अज्ञान केवढं आहे हे भागाकाराला माहीत नसतं. ते फक्त तिथल्या माशाला विचारून कळतं.

झेब्राफिशबद्दल इथे थोडं सांगायला हवं, कारण तो मासा आपल्याकडचा आहे. फ्रान्सिस हॅमिल्टननं १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांचं जे वर्णन प्रसिद्ध केलं त्यात तो पहिल्यांदा नोंदला गेला. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढतो. लहान, काटक, भराभर वाढणारा, पारदर्शक अंड्यांचा. हे गुण प्रयोगाच्या सोयीचे आहेत म्हणून तो निवडला गेला. नदीतल्या सर्वांत नाजूक जीवाचा प्रतिनिधी म्हणून त्याला कुणी निवडलेलं नाही. प्रमाणित यादीतले गप्पी आणि सायप्रिनस हे मासे महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहेत: एक डासांच्या अळ्या खाण्यासाठी गटारा-हौदांत सोडलेला, दुसरा तळ्यांत पाळलेला. दोन्ही बाहेरून आलेले आणि दोन्ही वाईट पाण्यात तग धरणारे. जो मासा घाण पाण्यातही जगतो म्हणून आपण डासांवर सोडतो, त्याच्या जगण्यावरून ओढ्यातल्या बाकीच्या माशांचं भवितव्य कसं ठरवावं?

दुसरा धडा रसायनाच्या रूपांतराचा आहे, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. मूळ ६पीपीडी पाण्यातल्या जीवांना विषारी आहे हे आधीपासून ठाऊक होतं. त्याच्या वर्गवारीत तसं लिहिलेलंही होतं. पण पाण्यात ते फार टिकत नाही, काही तासांत त्याचं विघटन सुरू होतं. मूल्यमापनाच्या नेहमीच्या चौकटीत टिकाऊपणा हा दोष आणि झटपट विघटन हा गुण धरला जातो. २८ दिवसांत ठरावीक टक्केवारीनं विघटन झालं की रसायनाची बाजू भक्कम होते. इथे मात्र मूळ पदार्थ नाहीसा होणं हीच संकटाची सुरुवात होती. वर सांगितलेल्या अमेरिकी उंबरठ्यांत मूळ ६पीपीडीचा आकडा ८.९ मायक्रोग्रॅम आहे आणि क्विनोनचा ०.०११. रूपांतरानंतर विष सुमारे आठशे पट जहाल झालं. हे काही एकटं उदाहरण नाही. डीडीटीपासून डीडीई झालं आणि पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली. धुण्याच्या रसायनांतल्या नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेटपासून सांडपाणी प्रक्रियेत नॉनिलफिनॉल सुटं होतं आणि ते माशांच्या शरीरात स्त्री-संप्रेरकासारखं वागतं. तेव्हा विघटन झालं एवढ्यावर समाधान मानू नये. विघटन होऊन काय झालं ते बाटलीवर लिहिलेलं असावं. टायरच्या बाबतीत तर ओझोनशी संयोग हा अपघात नव्हता, तो उत्पादनाचा हेतूच होता. त्या संयोगातून काय जन्मतं आणि ते कुठल्या पाण्यात जातं, हे विचारणं उत्पादकाचं काम होतं.

आणि मृत्यू हा एकच निकष धरला की काय निसटतं, ते गोव्याच्या किनाऱ्यानंही दाखवलं आहे. जहाजांच्या तळाला शेवाळ आणि कालवं चिकटू नयेत म्हणून १९६० च्या दशकापासून ट्रायब्युटिल टिन, म्हणजे टीबीटी, मिसळलेला रंग वापरला जाऊ लागला. रंग कामाला उत्तम होता. माशांना मारायला हे रसायन लिटरला काही मायक्रोग्रॅम लागतं. १९७० मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथच्या खाडीत डॉगव्हेल्क या समुद्री गोगलगायीच्या माद्यांना नराचं इंद्रिय उगवल्याचं आढळलं. कारण तेव्हा कळलं नाही. फ्रान्सच्या आर्कशाँ उपसागरात १९७० च्या दशकाच्या शेवटी कालवांची पैदास कोसळली, शिंपले जाडजूड आणि वेडेवाकडे व्हायला लागले, कालवं पिकवणारी कुटुंबं संकटात आली. फ्रान्सनं १९८२ मध्ये लहान बोटींवर हा रंग बंद केला. गोगलगायीच्या विकृतीशी टीबीटीचा संबंध १९८० च्या दशकात सिद्ध झाला आणि त्याला लिटरला एक नॅनोग्रॅमच्या आसपास पुरतं असं दिसलं. मासा मारायला लागणाऱ्या प्रमाणाच्या हजाराव्या हिश्श्यात. गोगलगाय मरत नव्हती. तिची अंडी बाहेर पडायची वाट बंद होत होती, आणि काही वर्षांत खडकांवरून तिची वस्ती उठत होती. १९९९ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी हीच विकृती गोव्यातल्या एका गोगलगायीत नोंदवली. तिचं शास्त्रीय नाव क्रोनिया कोंकणेन्सिस, आपल्या कोकणावरून पडलेलं. जहाजांवर असा रंग लावायला बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि सप्टेंबर २००८ मध्ये अंमलात आला. प्लिमथच्या पहिल्या निरीक्षणानंतर ३८ वर्षांनी.

प्रत्येक नदीतला प्रत्येक मासा प्रत्येक रसायनावर तपासायचा म्हटलं तर जन्म पुरणार नाही, शिवाय लाखो मासे मारावे लागतील, हा आक्षेप रास्त आहे. युरोपनं २००७ पासून लागू केलेल्या रीच कायद्यात त्यावर काढलेला तोडगा वजनाचा आहे. वर्षाला एक टनाहून जास्त उत्पादन असेल तर डॅफ्निया आणि शेवाळ, दहा टनांवर मासा, शंभर टनांवर दीर्घकालीन चाचण्या. सुरुवात म्हणून हे योग्य आहे, पण वजनाइतकंच वाटेलाही महत्त्व हवं. जे रसायन वापरताना झिजून थेट उघड्यावर सांडणार आहे, त्याची परीक्षा बंद भांड्यात राहणाऱ्या रसायनाहून कडक असली पाहिजे. टायर झिजणार हे ठरलेलंच आहे. जहाजाचा रंग पाण्यात झिरपणार हेही. आणि मासे मारण्याला पर्याय तयार होत आहेत. रेनबो ट्राउटच्या कल्ल्याच्या पेशींवर करायची चाचणी २०२१ मध्ये ओईसीडीनं मान्य केली. कोहोच्या पेशी काचपात्रात वाढवल्या तर त्यासुद्धा ६पीपीडी-क्विनोननं मरतात, असं नंतर दिसलं. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे भारतीय माशांच्या पेशींचं भांडार आहे. आपल्या नद्यांतल्या माशांच्या पेशींवर आपल्याकडे वापरात असलेली रसायनं तपासायला मासे मारावे लागणार नाहीत आणि परदेशी यादीची वाटही पाहावी लागणार नाही.

आपल्या कायद्यात एक चांगली तरतूद आहे, तिची चर्चा फारशी होत नाही. पर्यावरण संरक्षण नियमांमध्ये कारखान्याच्या सांडपाण्यासाठी जी सर्वसाधारण मानकं आहेत त्यात सांडपाण्यामुळे ऑक्सिजन किती खर्च होईल ते सांगणाऱ्या बीओडी ३०, सीओडी २५० या परिचित आकड्यांबरोबर असंही म्हटलं आहे की कुठलंही पाणी न मिसळता घेतलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. मला ही अट मनापासून पटते. ती यादी मागत नाही. पाण्यात कुठकुठली रसायनं आहेत हे कारखान्यानं सांगितलं नाही, तरी मासा सांगतो. आणि अनेक रसायनं मिळून काय करतात तेही त्यात येतं. सिॲटलमध्ये उलगडा झाला तो याच वाटेनं, आधी मासा आणि मग यादी. पण अट एका नमुन्याची, चार दिवसांची आणि मरणाचीच आहे. खाडीत ते सांडपाणी वर्षानुवर्षं जातं. तिसऱ्या, कालवं, खेकडे, कोळंबीची पिल्लं यांच्या पैदाशीबद्दल ती काही विचारत नाही. अटीची कक्षा वाढवायला नवा कायदा लागत नाही, नियमात दोन ओळी वाढवाव्या लागतात.

दाभोळ खाडीतले मच्छीमार लोटे औद्योगिक वसाहतीच्या पाण्याबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी करत आले आहेत. मेलेल्या माशांचा खच पडला की बातमी येते, अधिकारी येतात, पाण्याचे नमुने जातात. तोवर भरती-ओहोटीनं खाडीचं पाणी बदललेलं असतं. मग अहवालात सामू, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी, सीओडी येतात. हे आकडे पाण्याला श्वास किती उरला आहे ते सांगतात. त्यात विष कोणतं होतं ते सांगत नाहीत. सिॲटलच्या ओढ्यातही ऑक्सिजनचा आकडा ठीकच होता. अशा वेळी मासा हाच नमुना समजायला हवा: ताजा मेलेला मासा तासाभरात बर्फात, त्याचे कल्ले आणि यकृत प्रयोगशाळेत. आणि हे करायला सर्वांत जवळ असतो तो होडीवरचा माणूस. त्याला बर्फाची पेटी, स्वच्छ बाटल्या आणि नमुना कसा घ्यायचा याचं दोन दिवसांचं शिक्षण द्यावं, आणि त्यानं घेतलेला नमुना पुरावा म्हणून स्वीकारावा. खेकडे पाण्याबाहेर कधी यायला लागले, कुठल्या वळणावर जाळं रिकामं येतं, हे मोजणाऱ्याच्या वहीत नसतं, मच्छीमाराच्या डोक्यात असतं. शास्त्रज्ञांनी त्याला तक्रारदार म्हणून ऐकण्याऐवजी निरीक्षक म्हणून ऐकावं, एवढीच मागणी आहे.

औद्योगिक रसायनांची नोंदणी आणि मूल्यमापन सक्तीचं करणाऱ्या नियमांचा मसुदा आपल्याकडे २०२० पासून चर्चेत आहे. तो येईल तेव्हा त्यात तीन गोष्टी असाव्यात असं मला वाटतं. रसायन बदलून काय होतं याची माहिती दिल्याशिवाय नोंदणी पूर्ण होऊ नये. झिजून उघड्यावर पडणाऱ्या वस्तूंसाठी इथल्या जीवांवरची चाचणी सक्तीची असावी. आणि नोंदणी कायमची नसावी. काही वर्षांनी पाण्यातल्या प्रत्यक्ष मोजमापासह ती पुन्हा मांडावी लागावी, खर्च विकणाऱ्याचा. अमेरिकेत हे उशिरा का होईना घडतं आहे. युरोक, पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम आणि पुयालप या सॅमनवर जगणाऱ्या आदिवासी समाजांनी केलेला अर्ज पर्यावरण संरक्षण संस्थेनं नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्य केला आणि टायरमधल्या ६पीपीडीबद्दल नियम करायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियानं त्याच वर्षी ऑक्टोबरपासून टायर उत्पादकांना पर्याय शोधणं भाग पाडलं. पर्याय सापडेपर्यंतही हातात काही आहे. रस्त्याचं तेच मारक पाणी माती, वाळू आणि पालापाचोळ्याच्या खताच्या थरातून झिरपू दिलं की कोहो मरत नाहीत, हे २०१५ मध्येच दाखवलं गेलं होतं. तेव्हा विषाचं नावही कुणाला माहीत नव्हतं.

आपल्याकडे ऑक्टोबर ते मे रस्ते कोरडे असतात. टायरचा कीस, तेल, ब्रेकची धूळ आठ महिने साचते आणि जूनच्या पहिल्या सरींबरोबर एकदम ओढ्यात उतरते. नेमक्या त्याच सरींबरोबर कोकणात मासे वर चढतात. ठाण्या-रायगडकडे त्याला वलगण म्हणतात, खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गात चढणीचे मासे. शिंगटी, मरळ, खवल, पोटात गाभोळी घेऊन उथळ पाण्याकडे, भातखाचरांकडे जातात. यातला एकही मासा प्रमाणित चाचणीच्या यादीत नाही. मुंबई-गोवा महामार्ग महाडला सावित्री, खेडला जगबुडी आणि चिपळूणला वाशिष्ठी ओलांडतो, आणि पुलावरचं पाणी नळ्यांतून सरळ खाली नदीत पडतं. येत्या पावसाळ्याच्या पहिल्या दोन-तीन सरींत या तीन पुलांखाली पाण्याचे नमुने घ्यावेत, त्यात ६पीपीडी-क्विनोन मोजावं, आणि त्याच पाण्यात चढणीच्या माशांची पिल्लं ठेवून पाहावं. काम एका विद्यापीठाच्या एका विभागाला झेपण्याजोगं आहे. पुलांच्या दोन्ही टोकांना पाणी मातीच्या थरातून झिरपवणारे खड्डे घ्यायला तर त्या निष्कर्षांची वाट पाहण्याचीही गरज नाही. चौपदरीकरणाच्या राहिलेल्या कामांच्या अंदाजपत्रकात ते आताच बसवता येतील.